उजवं मागचं चाक: १९६५ च्या एका पिकअपचं प्रकरण

गाडी फोर्ड एफ-१००, १९६५ ची. सहा सिलिंडरचं इंजिन, ११५ इंचांचा छोटा व्हीलबेस, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे आणि फोर्डचा प्रसिद्ध नऊ इंची एक्सल. मालकाची तक्रार साधी होती: जोरात ब्रेक दाबला की गाडीचं नाक उजवीकडे ओढलं जातं आणि शेपूट डावीकडे निसटतं. सकाळच्या पहिल्या एक-दोन ब्रेकला हे सगळ्यात जास्त, पावसात तर विचारूच नका.

तक्रारीबरोबर त्यांनी बिलांची एक जाडजूड फाइलही आणली होती. दीड वर्षात उजव्या मागच्या चाकाचे ब्रेक शू तीनदा बदललेले, व्हील सिलिंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ड्रमवर दाबणारा) दोनदा, ड्रम एकदा खरादावर घेतलेला, एक्सलचं ऑइल सील एकदा. प्रत्येक वेळी दोन-तीन महिने गाडी सरळ थांबायची आणि मग पुन्हा तेच. "मेस्त्री बदलले, शू बदलले, आता गाडीच बदलू का?" असं ते म्हणाले, आणि त्यात थट्टा फार नव्हती.

ती फाइल मी चहा थंड होईपर्यंत वाचत बसलो. सगळी बिलं एकाच चाकाची होती. डाव्या मागच्या चाकाला कुणी हातही लावलेला नव्हता.

आधी गाडी चालवून बघितली. मोकळ्या आवारात ताशी ४० किलोमीटरवरून हलका ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली. मग जरा दाबून ब्रेक मारला. उजवं मागचं चाक जाम झालं, जमिनीवर दोनेक मीटरचा काळा पट्टा उमटला आणि बाकीच्या तीन चाकांचा मागमूस नाही. मागच्या हौद्यात वाळूची पोती टाकून, साधारण अडीचशे किलो वजन भरून, पुन्हा तेच केलं. आता चाक जाम झालं नाही, पण ओढ कायम होती.

रिकाम्या पिकअपचं मागचं चाक लवकर जाम होणं यात तसं नवल नाही. हिशेबासाठी गाडीचं वजन १६०० किलो धरू, त्यातलं ९६० पुढे आणि ६४० मागे. वजनाचा मध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच आणि व्हीलबेस २.९२ मीटर. गुरुत्वाकर्षणाच्या ०.६ पट वेगाने गाडी मंदावत असेल, तर सुमारे २३० किलो भार मागून पुढे सरकतो. मागे उरले ४१०, म्हणजे एका चाकावर जेमतेम दोनशे किलो. आणि मागचे ब्रेक तर भरलेला हौदा थांबवायच्या हिशेबाने दिलेले. भाराप्रमाणे मागचं प्रेशर कमी-जास्त करणारा व्हॉल्व या काळातल्या पिकअपला नसतो. म्हणून रिकामी गाडी जोरात थांबवताना मागची दोन्ही चाकं जाम झाली असती, तर मी मालकांना गाडी कशी चालवायची तेवढं सांगून घरी पाठवलं असतं. इथे मात्र एकच चाक जाम होत होतं.

एकच चाक, हे ध्यानात घेतलं की बऱ्याच संशयितांची नावं आपोआप गळतात. पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर चारही चाकांना सामाईक. चासीवरून एक्सलवर येणारा रबरी होजही एकच, तिथून पुढे डावी-उजवी लाइन फुटते. होज आतून फुगला असता तर मागची दोन्ही चाकं बिघडली असती. हँडब्रेकची उजवी केबल अडकत असेल म्हणून चाक उचलून हाताने फिरवलं. चाक मोकळं फिरत होतं. दोष उजव्या ड्रमच्या आतच होता, किंवा ड्रमच्या आत काहीतरी बाहेरून येत होतं.

ड्रम काढला. शेवटचे शू बसवून जेमतेम अडीच महिने झाले होते. वरच्या भागात लायनर, म्हणजे शूवरचा ड्रमला घासणारा थर, करडा, कोरडा, जसा असायला हवा तसा. खालच्या भागात मात्र काळा आणि चकचकीत, वार्निश दिल्यासारखा. बॅकिंग प्लेटवर (ड्रममागची न फिरणारी प्लेट) चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या भोकापासून खाली एक ओला ओघळ आलेला, त्यावर लायनरची धूळ बसून त्याची पेस्ट झालेली.

इथे घाई करू नये. ड्रममध्ये दोन प्रकारची ओल येऊ शकते, व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल किंवा एक्सलमधून गिअर ऑइल, आणि धूळ बसल्यावर दोन्ही सारखीच दिसतात. आधीच्या मेस्त्रींनी दोनदा व्हील सिलिंडर बदलला तो बहुधा यामुळेच. मी बोटाने थोडं निपटून नाकाशी नेलं. गिअर ऑइलला गंधकाचा एक कुबट वास असतो, तो एकदा डोक्यात बसला की जात नाही. तरी खात्रीसाठी चिंधीवरचा डाग पाण्याच्या वाटीत बुडवला. नेहमीचं ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इथे पाण्यावर रंगीत तवंग आला. मग व्हील सिलिंडरची रबरी टोपणं बोथट स्क्रूड्रायव्हरने उचलून पाहिली. आत दोन्ही बाजू कोरड्या ठणठणीत.

तेल आलं तर ब्रेक निसटायला हवा, धरायला कसा लागला, असा प्रश्न मालकांनी विचारला. रास्त प्रश्न होता. लायनर तेलाने पार भिजला तर तो निसटतोच. पण थोडं तेल आलं आणि उष्णतेने त्याचा चिकट थर झाला की लायनर अधाशासारखा धरतो. त्यात या ड्रमची रचना अशी की पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि खालच्या ॲडजस्टरमधून मागच्या शूला ढकलतो. म्हणजे पायाने दिलेल्या जोरात चाकाचं फिरणंच भर घालतं. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसलेल्या जमान्यात ही सोय मोठी होती. पण तिचा दुसरा अर्थ असा की लायनरच्या घर्षणातला थोडासा फरकही तिथे कित्येक पटींनी वाढून चाकावर दिसतो. एका बाजूला कोरडा लायनर आणि दुसऱ्या बाजूला चिकट, मग गाडी सरळ थांबायची कशी?

भिजलेले शू मी फेकून दिले. पेट्रोलने धुऊन किंवा भट्टीत भाजून पुन्हा बसवणारे लोक आहेत. लायनर स्पंजासारखा असतो, वरून सुकला तरी तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. फाइलमधल्या तीन जोड्यांपैकी एक अशीच "साफ करून" बसवलेली होती.

पहिली दुरुस्ती, आणि माझी चूक

नऊ इंची एक्सलवर काम करायला मला मनापासून आवडतं. १९५७ पासून आलेला हा एक्सल, याला मागे झाकण नसतं. क्राऊन-पिनियनचा अख्खा संच, म्हणजे मधले डिफरन्शियलचे गिअर, पुढच्या बाजूने बाहेर येतो. शाफ्ट काढायला तर तो उघडावाही लागत नाही. शाफ्ट अडकून राहतो तो बाहेरच्या टोकाला, बेअरिंगच्या मागे दाबून बसवलेल्या कड्यामुळे आणि चार बोल्टच्या प्लेटमुळे. फ्लँजच्या (शाफ्टच्या टोकाची चकती, जिला चाक लागतं) भोकातून चार नट काढायचे, स्लाइड हॅमरचे दोन ठोके द्यायचे, शाफ्ट हातात. याच काळातल्या शेवरलेच्या बारा बोल्टच्या एक्सलला आत सी आकाराच्या चकत्या असतात. तिथे एवढ्याच कामासाठी मागचं झाकण खोलून तेल काढावं लागतं.

शाफ्ट बाहेर आल्यावर दोन गोष्टी दिसल्या. सील जिथे घासतं त्या जागी शाफ्टवर खाच पडली होती, नख अडकत होतं. आणि हाऊसिंगवरचा, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या पोलादी कवचावरचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड) गंजून, वरून काळा रंग मारून पार बुजलेला. कुणीतरी हौसेने एक्सल रंगवताना ब्रीदरही रंगवून टाकला होता.

ब्रीदर बुजला की काय होतं याचा हिशेब सोपा आहे. एक्सल २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापला, की बंद जागेतल्या हवेचा दाब पाचव्या हिश्श्याने वाढतो, म्हणजे सुमारे ०.२ बार, ३ पीएसआय. ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण सीलची ओठासारखी कड शाफ्टवर अलगद टेकलेली असते, तेलाचे शिंतोडे अडवण्यापुरती. एवढा दाब रोज आतून आला की ती हळूहळू हार मानते. गाडी थंड झाली की उलट, आत ओढ निर्माण होते आणि बाहेरचं पाणी-धूळ आत येते. तेल थोडं दुधाळ होतंच.

मला कारण सापडलं होतं. खरं तर दोन कारणं, खाच आणि ब्रीदर. मी खाचेवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवली, सील नवं घातलं, बेअरिंग खडखडत होतं म्हणून तेही बदललं. कडं छिन्नीने तोडून काढावं लागतं आणि ते पुन्हा वापरायचं नसतं. नवं बेअरिंग आणि नवं कडं वेगवेगळे दाबायचे. एकदम दाबले तर सगळा जोर बेअरिंगवर येतो. ब्रीदर नवा, तेल नवं, दोन्ही बाजूंचे शू नवे. गाडी सुतासारखी सरळ थांबली. मी मालकांना म्हणालो, "आता फाइल बंद करा." असं बोलू नये हे या धंद्यात इतकी वर्षं काढूनही मला कळलेलं नव्हतं.

चार महिन्यांनी गाडी परत आली. उजवं मागचं चाक. तोच ओघळ, तोच वास.

टायरची आतली बाजू

या वेळी खरा मुद्दा सापडला तो माझ्या हाताखालच्या पोराला. मी ड्रममध्ये डोकं घालून बसलो होतो, तेवढ्यात तो भिंतीशी टेकवलेलं चाक उलटं करून म्हणाला, "दादा, हे टायर आतूनच का झिजलंय?"

आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा चांगलीच गुळगुळीत होती. पहिल्या वेळी मी हेच चाक काढून भिंतीला टेकवलं होतं, आतली बाजू भिंतीकडे करून. मागच्या एक्सलच्या चाकाला ना कॅम्बर (आत-बाहेर झुकाव) असतो ना टो (डावी-उजवी तिरपी दिशा). दोन चाकं एका सरळ नळीच्या दोन टोकांना उभी असतात. ती आतून झिजायला कारणच नसतं, नळी सरळ असेल तोवर.

चाक पुन्हा चढवलं, गाडी सपाट फरशीवर उभी केली आणि रिमशेजारी ओळंबा सोडला. रिमची वरची कड ओळंब्यापासून खालच्या कडेपेक्षा अडीच मिलिमीटर लांब निघाली. म्हणजे चाकाचं डोकं आत झुकलेलं. रिम वाकडी असू शकते म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजलं. रिमचा किंवा फ्लँजचा दोष असता तर फरक आता खाली आला असता. तो वरच राहिला. डाव्या चाकाला फरक जाणवण्याजोगा नव्हता. ४०० मिलिमीटर उंचीत अडीच मिलिमीटर, म्हणजे अंशाचा जेमतेम तिसरा हिस्सा. डोळ्याला हे कधीच दिसलं नसतं.

शाफ्ट काढून सील बाहेर घेतलं तेव्हा उरलासुरला संशयही गेला. सीलची कड वरच्या अर्ध्या भागात झिजून रुंद, चपटी झालेली. खालच्या अर्ध्या भागात जवळजवळ नवी, नुसती तेलाने माखलेली. सील हाऊसिंगमध्ये पक्कं बसलेलं असतं, फिरतो तो शाफ्ट. तेव्हा सील एकाच बाजूला झिजलं याचा अर्थ शाफ्ट सीलच्या मधोमध फिरत नव्हता, वर चढून फिरत होता. वर तो सीलला चिरडत होता आणि खाली, जिथे तेल साचतं नेमकं तिथेच, फट ठेवत होता. चार महिन्यांपूर्वी बसवलेलं बेअरिंगही हातात फिरवलं की करकरायला लागलं होतं. आधीच्या वेळचं जुनं सील मी न बघता कचऱ्यात टाकलं होतं. त्यावरही हेच लिहिलेलं असणार.

शाफ्ट वाकलाय का हे आधी तपासून घेतलं. व्ही ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावलं तर तो सरळ होता, काटा हलला न हलला. उरली नळी. डिफरन्शियलचा संच बाहेर काढला (जड असतो, एकट्याने उचलायच्या फंदात पडू नये), आतला ऐवज काढून बेअरिंगच्या जागी खरादावर केलेल्या गोल चकत्या बसवल्या, संच पुन्हा हाऊसिंगला लावला आणि चकत्यांमधून एक जाड सरळ दांडा आरपार घातला. नळी सरळ असेल तर दांडा दोन्ही टोकांना भोकाच्या अगदी मधोमध निघतो. डाव्या टोकाला तो अर्धा मिलिमीटर खाली होता. उजव्या टोकाला चार मिलिमीटरहून थोडा जास्त खाली. म्हणजे उजवं टोक तेवढं वर उचललेलं.

इथे एक गंमत आहे. नळी वाकली होती पाट्याच्या बैठकीच्या लगेच बाहेर, म्हणजे टोकाच्या अगदी जवळ. एवढ्या थोड्या लांबीत चार मिलिमीटर चढायचे तर टोकाचा बाक एक अंशाहून जास्त असायला हवा. पण शाफ्ट तर मधल्या गिअरपासून टोकाच्या बेअरिंगपर्यंत लांबच लांब सरळ जातो, म्हणून त्याचा कल अंशाचा तिसरा हिस्साच. चाक शाफ्टला लागलेलं, त्यामुळे बाहेरून मोजलं तर दुखण्याचा छोटासा तुकडाच दिसतो. उरलेला सुमारे एक अंशाचा फरक बेअरिंग आणि सील मुकाट्याने सोसत असतात. बेअरिंगपासून सील तीसेक मिलिमीटर आत, तिथे एक अंशाचा फरक म्हणजे शाफ्ट अर्धा मिलिमीटर बाजूला. ओठाच्या सीलला एवढी तफावत झेपत नाही. नवं असेपर्यंत त्याचं लवचिक रबर जुळवून घेतं, मग थकतं. दोन-तीन महिन्यांचं जे गणित फाइलमध्ये पुन्हा पुन्हा येत होतं, ते हेच. माझ्या नव्या ब्रीदरने त्यात एखाद महिन्याची भर घातली, एवढंच.

वाकली कशी? या एक्सलचा शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचा भारही पेलतो. भार पाट्यांमधून नळीवर खाली येतो, जमीन चाकातून वर ढकलते, आणि या दोघांच्या कैचीत सापडतो तो पाट्याच्या बाहेरचा नळीचा तुकडा. झेपेल त्याहून जास्त भार घालून खड्ड्यात आदळलं की टोक वर उचलतं आणि चाकाचं डोकं आत येतं. पुरावा गाडीवरच होता. दोन्ही बाजूंना मूळच्या पाट्यांखाली एकेक जादा जाड पाटा घातलेला. एफ-१०० ही अर्ध्या टनाची, म्हणजे साधारण अर्धा टन माल नेणारी, गाडी म्हणून विकली जायची. जादा पाटा घातल्याने गाडी बसत नाही, एवढंच होतं. एक्सल मात्र तोच राहतो. उलट गाडी बसत नाही म्हणून भरणाऱ्याला आपण जास्त भरतोय हे कळत नाही. तिच्या थोरल्या बहिणीला, एफ-२५० ला, याच काळात डाना ६० एक्सल मिळायचा. त्यात भार हबमधून नळीच्या टोकावरच्या बेअरिंगांवर जातो आणि शाफ्टला फक्त फिरवण्याचं काम उरतं. जड माल न्यायचा होता तर तो एक्सल हवा होता.

सध्याचे मालक हौशी आहेत, त्यांनी हौद्यात कधी काही फारसं नेलेलं नाही. हे पाप आधीच्या कुणाचं तरी. बिलांच्या फाइलमध्ये त्याचं पान नव्हतं.

नळी सरळ करताना

तीन मार्ग होते. दुसरं हाऊसिंग शोधणं, उजवं टोक कापून नवं वेल्ड करणं, किंवा आहे तेच तापवून सरळ करणं. मालकांना मूळ हाऊसिंग ठेवायचं होतं आणि चार मिलिमीटरसाठी कापाकापी मलाही जास्त वाटली. नळीला कुठे तडा नाही ना हे आधी रंगद्रव्य लावून तपासलं. तडा असता तर हा मार्ग मी घेतला नसता.

तापवून सरळ करणं म्हणजे हातोड्याने ठोकणं नव्हे. लोखंडाचा एक छोटा ठिपका लाल केला की तो फुगायला बघतो. आजूबाजूचं थंड लोखंड त्याला फुगू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी दबून जाड होतो. निवताना मात्र आकसतो आणि आपल्या बाजूला ओढतो. आपल्याला टोक खाली आणायचं होतं, म्हणून ठिपका नळीच्या पोटावर, पाट्याच्या बैठकीच्या बाहेर. सगळं उतरवलेलं हाऊसिंग घोड्यांवर ठेवून अंगठ्याएवढी जागा सावलीत मंद लाल दिसेपर्यंत तापवली आणि सोडून दिली. पाणी नाही, वारा नाही, हात लावला तरी चालेल इतकं थंड होईपर्यंत मोजमापही नाही. गरम असताना मोजलं तर टोक उलट आणखी वर गेलेलं दिसतं आणि माणूस घाबरून भलतंच काही करतो.

पहिल्या ठिपक्याने दीड मिलिमीटर आलं. दुसऱ्याने सव्वा. मग ठिपके लहान केले. दिवसभरात पाच वेळा तापवलं आणि संध्याकाळी दांडा उजव्या भोकात मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत आला. तिथे थांबलो. डाव्या टोकाचा अर्धा मिलिमीटर तसाच ठेवला. त्या बाजूचं सील कधी गळलेलं नव्हतं, आणि न दुखणाऱ्या जागी ज्योत लावायची मला हौस नाही.

जादा पाटे काढून टाकले. मालकांना गाडीची मागची बाजू खाली आलेली आवडली नाही. कारखान्यातून ती तशीच आलेली होती हे पटायला थोडा वेळ लागला.

ब्रेकचं काम मग झटपट आटोपलं. उजवा ड्रम मोजला तर मूळ मापापेक्षा १.२ मिलिमीटरने मोठा झालेला, डावा ०.३ ने. अशा ड्रमची शेवटची मर्यादा साधारण दीड मिलिमीटर धरतात, त्यामुळे तो चालला असता, पण मोठ्या ड्रममध्ये नव्या शूची गोलाई जुळत नाही, शू मधेच टेकतो. एकाच एक्सलवर असे दोन वेगळे ड्रम ठेवायचे नव्हते म्हणून उजवा बदलला. जुन्या गाडीच्या ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि आत काय आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. आम्ही ब्रश आणि पाण्याने भिजवून साफ करतो, चिंध्या पिशवीत बांधतो.

गाडी उघडलेलीच आहे तर पुढे डिस्क बसवू, असं मालक म्हणाले. मी नको म्हटलं. या गाडीची मला खरी भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. १९६५ च्या या गाडीला मास्टर सिलिंडर एकाच खणाचा. एक लाइन, एक होज किंवा एक व्हील सिलिंडर फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. पुढचा-मागचा वेगळा असा दुहेरी मास्टर सिलिंडर फोर्डच्या पिकअपला १९६७ पासून आला. आम्ही दुहेरी बसवला, चारही ड्रमसाठी असतो तसा. लाइनमध्ये दहाएक पीएसआय दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व ड्रमला लागतो. डिस्कसाठीचा मास्टर सिलिंडर आणून बसवला तर तो नसतो आणि पेडल खोल जातं. लाइन आणि तिन्ही होज नवे टाकले. हवा काढायला सुरुवात केली सगळ्यात लांबच्या चाकापासून. ते अर्थातच उजवं मागचंच.

शू बसेपर्यंत, म्हणजे शंभरेक किलोमीटर, जोरात ब्रेक मारायचा नाही असं मालकांना बजावलं. मग त्याच आवारात त्याच वेगाने बघितलं. रिकाम्या गाडीची मागची दोन्ही चाकं आता एकदमच जाम होतात, आणि तीही पाय बराच दाबल्यावर. पट्टे दोन, जवळपास सारखे, गाडी सरळ. लागोपाठ दहा वेळा थांबवून ड्रमचं तापमान घेतलं तर दोन्ही बाजूंत सहा अंशांचा फरक होता. दुसऱ्यांदा आली तेव्हा तोच फरक चाळिसाच्या घरात होता.

आठ महिन्यांनी मी स्वतःच गाडी बोलावून दोन्ही ड्रम उघडले. उजवी बॅकिंग प्लेट कोरडी, लायनर करडा, टायर दोन्ही कडांनी सारखंच झिजलेलं. डाव्या बाजूला शाफ्टच्या भोकाखाली नखाएवढा ओलसर डाग आहे. पाण्यात बुडवून पाहिला. तवंग आला, अगदी पुसट. तारीख लिहून ठेवली आहे.